माद्रिद, चौघं, माणशी ६० युरो: जमेल, पण जेवणाच्या वेळा बदलाव्या लागतील

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं, चौदा वर्षांची मुलगी आणि अडुसष्टच्या सासूबाई. मे महिना, स्पेनमधलं एकच शहर, चार पूर्ण दिवस. विमान आणि व्हिसा सोडून माणशी दिवसाला ६० युरो, त्यातच राहणं आलं. मुलगी सोडून सगळे शाकाहारी, सासूबाईंना अंडंही चालत नाही आणि त्यांचे गुडघे दुखतात. बार्सेलोना की माद्रिद, आणि सिटी पास, म्हणजे अनेक ठिकाणांची तिकिटं एकत्र देणारा पास, घ्यावा का?

मी आधी टूर मॅनेजर म्हणून मोठे ग्रुप घेऊन जायचे, आता आपापलं जाणाऱ्या कुटुंबांना कार्यक्रम आखून देते. पासचं उत्तर एका शब्दात: नको. पण तुमच्या आखणीत मला खटकली ती दुसरीच ओळ. "नऊला बाहेर पडू, साडेसहाला परत, साडेसातला जवळच कुठेतरी जेवू." माद्रिदमध्ये खिसा इथेच कापला जातो. संध्याकाळी साडेसातला तिथल्या साध्या, गल्लीबोळातल्या खानावळींचं स्वयंपाकघर बंद असतं. उघडी असतात ती प्लाझा मायोर आणि पुएर्ता देल सोल या मध्यवर्ती चौकांच्या आजूबाजूची, दारात पाच भाषांत फोटोवाली मेनू कार्डं लावलेली हॉटेलं. तिथे तुम्ही दुप्पट पैसे मोजून थंडगार पाएया, म्हणजे तिथला भाताचा पदार्थ, खाणार, आणि त्यातही शाकाहारी म्हणून मागवलेल्यात कोळंबी निघणार.

आधी शहराचं उरकते. बार्सेलोना सुंदर आहे, पण तिथलं जे बघायला लोक जातात त्याला तिकीट आहे. साग्रादा फामिलिया हे चर्च माणशी पंचवीस युरोच्या पुढे, पार्क गुएलचा मुख्य भाग वेगळा, वास्तुकार गाउदीची घरं आणखी वेगळी. माद्रिदचं वैभव संग्रहालयांत आहे आणि तिथल्या मोठ्या संग्रहालयांना रोज ठरावीक तास फुकट प्रवेश असतो. समुद्र हवाच असेल तर गोष्ट निराळी. तुमच्या बजेटला मी माद्रिदच सांगेन.

आता वेळांचं. माद्रिद रेखांशाने लंडनच्याही पश्चिमेला आहे, पण १९४० पासून स्पेनचं घड्याळ मध्य युरोपच्या वेळेवर चालतं. त्यामुळे मेच्या मध्यावर तिथे सूर्य मावळतो सव्वानऊच्या सुमारास. लोक दुपारी दोन ते चारमध्ये जेवतात, रात्री नऊनंतर. याउलट आपलं शरीर पहिले दोन-तीन दिवस भारतातच असतं. मे महिन्यात फरक साडेतीन तासांचा, म्हणजे तिथले रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेअकरा. सासूबाई पहाटे चारला टक्क जाग्या आणि संध्याकाळी सातला पेंगायला लागलेल्या, हे ठरलेलं. आणि फुकट प्रवेशाचे तास नेमके संध्याकाळचे!

यावर उपाय एकच, तिथल्या लोकांसारखं जगायचं. सकाळी हलका नाश्ता करून थोडं फिरायचं. दोनला दिवसाचं मुख्य जेवण. मग खोलीवर जाऊन चक्क दोन तास झोपायचं. साडेपाचला ताजंतवानं होऊन बाहेर, संग्रहालय, मग बागेत किंवा चौकात बसून काहीतरी किरकोळ खाणं. आपल्याकडे दुपारी झोपणं म्हणजे सुट्टी वाया घालवणं असं अनेकांना वाटतं. मी तर ज्येष्ठ बरोबर असले की दुपारची झोप कार्यक्रमात लिहूनच देते, नाहीतर मुलं आणि जावई ती परस्पर कापतात.

दुपारच्या जेवणावर एवढा भर का, तर मेनू देल दिया. सोमवार ते शुक्रवार दुपारी बहुतेक साध्या खानावळींत ठरावीक किमतीचं जेवण मिळतं. एक पहिला पदार्थ, एक दुसरा, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी. १९६४ मध्ये सरकारने पर्यटकांसाठी ठरावीक दराचा मेनू हॉटेलांना सक्तीचा केला, त्यातून ही पद्धत रुळली, आणि आज तो कचेरीतल्या माणसांचा रोजचा आधार आहे. साधारण १३ ते १६ युरो धरा. दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेला, फक्त स्पॅनिशमधला मेनू दिसला की बिनधास्त आत शिरा. आत टेबलावर कागद अंथरलेला असतो. वेटर पाव ठेवतानाच "प्रिमेरो?", म्हणजे पहिला पदार्थ कोणता, विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पेन्सिल कागदाला टेकवून उभा राहतो. गर्दीची वेळ असते, त्यामुळे काय खायचं ते दारातच फळ्यावर वाचून ठरवून आत जायचं. शनिवार-रविवारी हा मेनू बऱ्याच ठिकाणी नसतो किंवा महाग असतो.

शाकाहाराचं मात्र नीट सांगावं लागेल, कारण इथे नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. तिथल्या साध्या खानावळीत खामोन, म्हणजे डुकराचं सुकवलेलं मांस, आणि टूना मासा यांना कित्येकदा मांसाहारात धरतच नाहीत. हिरव्या सॅलडवर टूना येतो. फरसबीत खामोनचे तुकडे असतात. मसुराची आमटी, लेंतेखास, दिसते अगदी आपली, पण तिच्यात चोरिसो असतो, आपल्या गोव्याच्या चोरिसाचाच नातेवाईक. क्रोकेतास बाहेरून बटाटावड्याच्या वर्गातले वाटतात, आत बहुतेक वेळा खामोन. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा आणि फोनवरही लिहून ठेवा: "सोय बेखेतारियाना. सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतून, सिन पेस्कादो." म्हणजे मी शाकाहारी आहे; मांस, खामोन, टूना, मासे काही नको. सासूबाईंसाठी पुढे "सिन वेवो" जोडा, म्हणजे अंड्याशिवाय. तुमच्या यजमानांनी बेखेतारियानो म्हणायचं.

बिनघोर चालतील असे पदार्थ: टोमॅटोचं थंड सार म्हणता येईल असं गास्पाचो, भाज्यांचं पिस्तो (वर तळलेलं अंडं घालतात, ते नको म्हणून सांगायचं), तव्यावरच्या भाज्या, पातातास ब्रावास म्हणजे तिखटसर सॉसमधले तळलेले बटाटे. आणि पिमिएंतोस दे पाद्रोन. छोट्या हिरव्या मिरच्या तेलात परतून वर जाडं मीठ. बहुतेक गोड असतात, मधूनच एखादी झणझणीत निघते. सासूबाईंना ही ताटली नक्की आवडेल. गास्पाचोसारखंच दिसणारं साल्मोरेखो मात्र टाळा, त्यावर उकडलेलं अंडं आणि खामोन भुरभुरलेलं असतं. बटाट्याचं तोर्तिया अंड्याचंच असतं, ते मुलीसाठी. शिवाय लावापिएस नावाच्या भागात भारतीय पदार्थांच्या हॉटेलांची अख्खी रांग आहे. बरीचशी बांगलादेशी मंडळी चालवतात, आसपासच्या दुकानांत कणीक, डाळी, मसालेही मिळतात. चवीच्या फार अपेक्षा ठेवू नका, पण तिसऱ्या दिवशी गरम वरण-भात समोर आला की घरातलं वातावरण सुधारतं.

नाश्ता हॉटेलचा घेऊ नका. कोपऱ्यावरच्या बारमध्ये कॉफी आणि टोमॅटो-ऑलिव्ह तेल लावलेला भाजका पाव तीन-चार युरोत होतो. तिथे बार म्हणजे आपल्याकडचा बार नव्हे, सकाळी आजीबाईही कॉफी प्यायला येतात. एखाद्या सकाळी चुर्रोस खा. नुसतं पीठ, पाणी, मीठ, आणि तळण. सोबत चमचा उभा राहील इतकं दाट चॉकलेट. १८९४ पासूनचं सान खिनेस प्रसिद्ध आहे, पण चुर्रोस कुठल्याही गल्लीत बरे मिळतात. आणि पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. माद्रिदचं नळाचं पाणी डोंगरातून येतं आणि चवीला उत्तम आहे. २०२२ च्या कायद्यानुसार हॉटेलांनी ते फुकट द्यायचं असतं. "आग्वा देल ग्रीफो" एवढं म्हणा.

आता संग्रहालयं. प्रादोचं तिकीट १५ युरो, सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी पाच ते सात फुकट. रेइना सोफियाचं १२ युरो, मंगळवारी बंद, बाकी दिवशी सात ते नऊ फुकट, रविवारी दुपारी साडेबारा ते अडीच. थिस्सेनचा कायमचा संग्रह सोमवारी बारा ते चार फुकट. मुलगी अठराच्या आतली असल्याने प्रादो आणि रेइना सोफियात तिला कधीच तिकीट नाही, फक्त पासपोर्ट जवळ ठेवा. तुमच्या तिघांची दोन्हीकडची तिकिटं पूर्ण दराने धरली तरी मिळून ८१ युरो होतात. पास घेतलात तर याहून जास्त जातील, म्हणून नको म्हटलं. राजवाड्यातही संध्याकाळी फुकट तास असतात, पण ते युरोपीय संघ आणि लॅटिन अमेरिकेच्या नागरिकांना. भारतीय पासपोर्टवर रांगेत उभं राहून परत फिरलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. राजवाडा बाहेरून पाहा, समोरच्या बागेत बसा, पुरे.

सगळं फुकटातच बघा असं मात्र मी सांगणार नाही. प्रादोच्या फुकट रांगेत पाऊण-एक तास सहज जातो, मग आत धावपळ. सासूबाईंचे गुडघे पाहता प्रादोला पैसे भरून सकाळी दहाला, दार उघडताच जा. मागितली तर संग्रहालयाची व्हीलचेअरही मिळते, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. आत सगळं बघायचा प्रयत्न केलात तर काहीच लक्षात राहणार नाही. वेलास्केसचं १६५६ चं 'लास मेनिनास', बॉशचं तीन फळ्यांचं 'गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स', आणि गोयाने म्हातारपणी स्वतःच्या घराच्या भिंतींवर रंगवलेली काळी चित्रं. एवढी तीन ठिकाणं सावकाश करा. बॉशसमोर मुलीला दहा मिनिटं मोकळं सोडा, तिला तुमच्यापेक्षा जास्त गोष्टी दिसतील. प्रादोत फोटो काढू देत नाहीत.

रेइना सोफियाला मात्र फुकटच जा, कारण तुम्हाला तिथे मुख्यतः एकच बघायचंय: पिकासोचं १९३७ चं 'गेर्निका'. पावणेआठ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच, आणि रंग म्हणावा असा एकही नाही. जाण्याआधी मुलीला स्पेनच्या यादवी युद्धात गेर्निका गावावर झालेल्या बॉम्बहल्ल्याबद्दल खोलीवरच सांगून ठेवा, तिथे गर्दीत बोलता येत नाही.

तुमच्या चार दिवसांत रविवार आला तर तो असा लावा. सकाळी एल रास्त्रो, दर रविवारी भरणारा जुना रस्त्यावरचा बाजार, कास्कोर्रो चौकापासून खाली उतारावर. दहाच्या आत पोचा, अकरानंतर पाय ठेवायला जागा नसते आणि खिसेकापूंची दिवाळी असते. बाजार तीनपर्यंत चालतो. तिथून साडेबाराला रेइना सोफिया, मग अडीचला लावापिएसमध्ये भारतीय जेवण, कारण रविवारी मेनू देल दियाचा भरवसा नाही. सगळं चालत होतं. जेवणाखेरीज दमडी लागत नाही. फक्त लावापिएसच्या गल्ल्यांना चांगलाच चढ आहे, सासूबाईंना चढायचं नाही, उतरायचंच आहे, अशा दिशेने रस्ता धरा.

गुडघ्यांमुळे आणखी एक: मेट्रोपेक्षा बसला प्राधान्य द्या. मेट्रो झकास आहे, पण जुन्या स्थानकांत अजूनही सगळीकडे लिफ्ट नाही आणि मार्ग बदलताना लांबच लांब जिने लागतात. शहरातल्या निळ्या बस खालच्या पायरीच्या आहेत, खिडकीतून शहरही दिसतं. ००१ आणि ००२ क्रमांकाच्या इलेक्ट्रिक बस चक्क फुकट आहेत. ००१ आतोचा रेल्वे स्थानकापासून ग्रान व्हिया या मुख्य रस्त्यावरून मोंक्लोआपर्यंत जाते, म्हणजे प्रेक्षणीय बसचं काम फुकटात होतं. बाकी प्रवासासाठी अडीच युरोचं एकच मल्टी कार्ड घ्या आणि त्यावर दहा फेऱ्या भरा. चौघं एकच कार्ड वापरू शकता, चारदा टेकवायचं. विमानतळावरून २०३ क्रमांकाची बस माणशी ५ युरोत चोवीस तास मिळते. टॅक्सीचा शहराच्या मध्य भागापर्यंतचा दर मात्र ३३ युरो ठरलेला आहे. चौघं, सामान आणि रात्रभराचा प्रवास असताना तेरा युरो वाचवायला बसचा हट्ट मी तरी धरणार नाही.

मुक्काम दुपारी परत येता येईल असाच हवा, नाहीतर वरची सगळी आखणी कोसळते. विमानतळाजवळचं किंवा मेट्रोच्या शेवटच्या टोकाचं, स्वस्त म्हणून घेतलेलं हॉटेल तुम्हाला महाग पडेल. आन्तोन मार्तीन, आतोचा या परिसरात बघा. सोलला लागून नको, तिथे रात्री तीनपर्यंत कलकलाट असतो. ओस्ताल या प्रकारची घरगुती लॉज शोधा. इमारतीच्या एखाद्या मजल्यावर आठ-दहा खोल्या, संडास-बाथरूम आत, नाश्ता नाही. बुक करण्याआधी दोन गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, आणि खोली रस्त्याकडे आहे की आतल्या चौकाकडे. आतली घ्या. भाड्याची सदनिका घेत असाल तर परवाना क्रमांक जाहिरातीत दिलाय ना ते बघा, बेकायदा सदनिकांवर तिथे कारवाई चालू आहे.

आता हिशेब. चौघांचे दिवसाचे २४० युरो. मेमध्ये ओस्तालच्या दोन खोल्यांना मी १३० धरते, तेही आधी बुक केलं तर. उरले ११०. त्यात दुपारचं जेवण ६०, नाश्ता १६, संध्याकाळचं खाणं २५, बस ६-७. काठोकाठ बसतं. प्रादोची तिकिटं, टॅक्सी आणि एखादा बाहेरगावचा दिवस यासाठी वेगळे दीडएकशे युरो बाजूला ठेवा. तेही नसतील तर एका संध्याकाळी दुकानातून पाव, चीज, टोमॅटो, फळं आणून रेतिरो बागेत बसा. २०२१ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे, आणि रविवारी संध्याकाळी तिथे अर्धं माद्रिद लोटतं. दुसरी फुकट संध्याकाळ देबोदच्या मंदिरापाशी. आस्वान धरणामुळे बुडणारी नुबियातली स्मारकं वाचवायला स्पेनने मदत केली, म्हणून इजिप्तने १९६८ मध्ये हे दोन हजार वर्षांहून जुनं देऊळ भेट दिलं. आत जायची धडपड करू नका, सूर्यास्त बाहेरूनच बघायचा असतो.

बाहेरगावी एकच दिवस काढा. तोलेदो भारी आहे, पण चढ-उतार फार. सासूबाई असताना मी सेगोव्हिया सुचवेन. मोंक्लोआहून बस सव्वा तासाच्या आसपास घेते. तिथली वेगवान रेल्वे घेऊ नका, तिचं स्टेशन गावाबाहेर आहे. बस मात्र गावात सोडते आणि सपाट रस्त्याने थोडं चाललं की समोर रोमनांचा जलसेतू. चुना-सिमेंटचा लेप न लावता नुसते दगडावर दगड रचलेत, २८ मीटर उंच, आणि बघायला पैसे नाहीत. गावाची खासियत भाजलेलं डुकराचं पिल्लू, काचेमागे अख्खं मांडलेलं असतं. सासूबाईंना आधीच कल्पना द्या आणि डबा बरोबर न्या.

किरकोळ पण महत्त्वाचं: एटीएमने किंवा कार्डच्या मशीनने "रुपयांत घेऊ का" विचारलं तर नाही म्हणा, युरोतच घ्या, दर चांगला मिळतो. हॉटेलच्या बाहेरच्या टेबलावर फोन ठेवायचा नाही, मुलीला हे दोनदा सांगा. व्हिसाच्या अर्जात "रोज ६० युरो" असं मात्र लिहू नका. स्पेन पर्यटकाकडे दरडोई दिवसाला शंभर युरोहून जास्त रक्कम असावी अशी अपेक्षा धरतं. खर्च कितीही कमी करा, बँक खात्यात तेवढं दिसलं पाहिजे. व्हिसा शुल्क मोठ्यांना ९० युरो, मुलगी बारा पूर्ण झाल्याने तिलाही तेवढंच, आणि ३०,००० युरोचा प्रवास विमा सक्तीचा.

तारखा पक्क्या करण्याआधी मेचं कॅलेंडर बघा. १ तारखेला प्रादो आणि रेइना सोफिया दोन्ही बंद असतात. २ तारखेला माद्रिद प्रांताची सुट्टी. १५ तारखेला सान इसिद्रो, शहराच्या रक्षक संताचा उत्सव. त्या आठवड्यात मैदानात जत्रा, पारंपरिक वेशातली आजी-आजोबांची नाचणारी जोडपी, सगळं फुकट आणि बघण्यासारखं. पण खोल्या महागतात आणि १५ ला रेइना सोफिया बंद असतं. मेचा शेवटचा आठवडा जमला तर भाड्यातही थोडा फरक पडेल, ऊन मात्र वाढलेलं असेल. तुमचे चार दिवस कोणत्या वारी सुरू होतात ते कळवा. मंगळवार, रविवार आणि थिस्सेनचा सोमवार कुठे पडतो त्यावर रोजचा क्रम लावून देते.